हातावरचं दही

दही हातावर पडलं आणि मला कळलं, ही मंडळी मला धबधबा दाखवायला नेत नाहीयेत, सोडायला नेतायत.

धबधब्याला निघालेल्या माणसाच्या हातावर कुणी दही घालतं का हो? परीक्षेला जाताना घालतात. मुलगा परगावी नोकरीला निघाला की घालतात. माझ्या मुलाच्या, योगेशच्या बाबांना ऑपरेशनला नेलं तेव्हा मी घातलं होतं. लांब जाणाऱ्याने सुखरूप परत यावं म्हणून ते घालायचं असतं. रविवारी ताम्हिणीला जाऊन रात्रीच्या वरणभाताला बिबवेवाडीत परत येणाऱ्याला दही कशाला लागतं? पण नम्रताने, म्हणजे माझ्या सुनेने, मला दारात थांबवलं, चमचाभर दही तळहातावर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "घ्या आई." मी चाटलं. साखर घालायची विसरली होती.

अजून सगळं लख्ख आहे तोवर सांगून टाकते.

मी जन्मभर शनिवार पेठेत मुलींच्या शाळेत शिकवलंय. तोंडात चिंच ठेवून पाढे म्हणणारी मुलगी, मी फळ्याकडे तोंड करून उभी असतानाही मला कळायची. तेव्हा सूनबाईंचा चेहरा मला वाचता येत नसेल, असं कुणी समजू नये. आठ दिवस घरात कुजबुज चालली होती. मी स्वयंपाकघरात गेले की बोलणं थांबायचं. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही.

कारण काय, तर गॅस. एकदा, फक्त एकदा माझ्याकडून गॅस चालू राहिला. दूध उतू गेलं, विझलं, वास सुटला, शेजारच्यांनी दार वाजवलं. दुसरं कारण म्हणजे मी भाजीला म्हणून गेले आणि शनिवार पेठेत शाळेच्या दारात सापडले. सापडले हा योगेशचा शब्द. मी म्हणते, मी फिरायला गेले होते. निवृत्त शिक्षिकेने आपल्या शाळेच्या दारात उभं राहू नये असा काही कायदा आहे का? पण तेव्हापासून घराला बाहेरून कडी लागायला लागली. दोघं नोकरीला, नात संस्कृती कॉलेजला, आणि मी आतून दार ढकलत बसायची. बाई ठेवली होती, तीही पळाली. माझ्या तोंडाला कंटाळली म्हणे.

आता मला वृद्धाश्रमात ठेवायचं तर ठेवा. मी काही गळा काढणार नव्हते. मला एकच हवं होतं. पोटच्या मुलाने समोर बसून, माझ्याकडे बघून सांगावं, की आई, आता तुला घरात ठेवणं आम्हाला जमत नाही. एवढं एक वाक्य. धबधब्याचं गाजर दाखवून गाडीत घालायला मी काय शेळी आहे? जिन्यातच मी ठरवलं, आपण होऊन तोंड उघडायचं नाही. बघू या, कधी सांगतो ते.

गाडीत पुढची सीट मला दिली. एरवी ती संस्कृतीची असते. सूनबाईंनी पाठीला उशी लावली, खिडकी किती उघडू विचारलं, लिमलेटच्या गोळ्या दिल्या. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. योगेश एक शब्द बोलत नव्हता. चांदणी चौकात गाड्या अडल्या होत्या, तिथे एरवी तो दुनियेचा उद्धार करतो. आज गप्प. त्याच्या बाबांची सवय आहे ती. मनात काही असलं की जबडा आवळून घ्यायचा.

भूगाव, पिरंगुट मागे पडलं. पौडच्या अलीकडे त्याने गाडी जराशी हळू केली आणि डावीकडे बघितलं. मीही बघितलं. कमान होती, आत आंब्याची झाडं, आणि पाटी. 'ज्येष्ठांचं हक्काचं घर.' हक्काचं घर असलं की त्याला पाटी लावावी लागत नाही, हे मी मनात म्हटलं. आरशातून त्याने नम्रताकडे पाहिलं आणि गाडी पुढे घेतली. म्हणजे येताना. मी लिमलेटची गोळी तोंडात टाकली.

मुळशी सोडल्यावर पाऊस लागला तो लागलाच. डोंगर दिसत नव्हते, नुसतं पांढरं. आणि धबधबा यायच्या कितीतरी आधी गाड्यांची रांग. पुण्यातल्या माणसाला गर्दीचा कंटाळा येतो म्हणून तो जिथे गर्दी करायला जातो, त्या जागेला पर्यटनस्थळ म्हणतात. पोलीस शिट्ट्या मारत होते, कुणी ऐकत नव्हतं. गाडी लांब लावून आम्ही रस्त्याच्या कडेने चालत गेलो. एका बाजूला नम्रता, एका बाजूला योगेश, दोघांनी माझे दंड धरलेले. मला आरोपीसारखं वाटत होतं.

धबधबा मात्र होता. रस्त्याला लागूनच, वरून गढूळ पाणी कोसळत होतं आणि खालून पुलाखाली जात होतं. उघडी पोरं त्यात नाचत होती. कुणीतरी मोठा स्पीकर लावला होता. बायका छत्रीच्या आडोशाने साड्या बदलत होत्या आणि प्रत्येकाचा फोन पाण्याकडे नाही, स्वतःच्या तोंडाकडे. पायाखाली वेफर्सची पाकिटं. तरीही, खरं सांगते, मला बरं वाटलं. मी कधी धबधबा बघितला नव्हता. पुण्यात आयुष्य गेलं, पण योगेशचे बाबा म्हणायचे, पाणी पडताना बघायला पेट्रोल कशाला जाळायचं, नळ सोड. आणि मी हसायची. आज तुषार तोंडावर आले तेव्हा मला त्यांचा राग आला आणि त्यांची आठवणही आली, दोन्ही एकदम.

योगेश माझा कोपर धरून उभा होता. त्याचा चष्मा ओला झाला होता. तो माझ्या कानाशी वाकला.

"आई..."

आता सांगतोय. बरंच झालं, पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही.

"कणीस खातेस?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "खाते."

भाजलेलं कणीस आलं, वर लिंबू आणि तिखटमीठ. कवळीने कणीस खायचं म्हणजे कसरत, पण मी खाल्लं. शेजारी एक बाई स्टोव्हवर मॅगी करत होती. पाणी खळाखळा उकळतंय, आणि ती आपली गिऱ्हाइकाशी गप्पा मारतेय. मी तिला म्हटलं, "अहो, लक्ष कुठे आहे तुमचं? गॅस बारीक करा. सगळं जळेल." ती हसली. आमच्यातलं कुणी हसलं नाही. संस्कृतीने तोंड फिरवलं. मी पाहिलं तर डोळ्यांत पाणी. विचारलं तर म्हणे, धबधब्याचं उडालं.

थोड्या वेळाने मला भूक लागल्यासारखं झालं. मी नम्रताला म्हटलं, "इथवर आलोय तर एखादं कणीस तरी घ्या. कुणी विचारत पण नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, आत्ताच खाल्लंत ना."

माझ्या हातात दांडा होता. दाणे संपलेला. आता एवढ्या आवाजात, एवढ्या गोंधळात माणसाचं लक्ष राहतं का? मी तसं तिला म्हणाले. ती म्हणाली, "हो ना." आणि दुसरं कणीस आणायला गेली. माझी सून वाईट नाही. तेच तर. वाईट असती तर मला भांडता आलं असतं.

मी योगेशला म्हटलं, "तुला काही बोलायचंय का माझ्याशी?"

"नाही गं. काय बोलायचंय?"

"बघ. नंतर म्हणशील, राहिलं."

त्याने खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. रुमालही ओलाच होता. तो ओल्या रुमालाने ओला चष्मा पुसत राहिला. पहिलीत असताना प्रगतिपुस्तक दप्तरात लपवून असाच उभा राहायचा. तेव्हा मी कान धरायची आणि तो भडाभडा बोलायचा. आज त्याच्या कानापर्यंत माझा हात पोचत नव्हता.

साडी निम्मी भिजली होती, कुडकुडायला झालं. नम्रता म्हणाली, गाडीत कोरडे कपडे आहेत. डिकीत मोठी निळी बॅग. एका दिवसाला एवढी बॅग? ती छत्री धरून उभी राहिली आणि मी बॅगेत हात घातला. माझ्या साड्या. माझी गोधडी. यांचा फोटो. आणि सगळ्यात खाली, खणाच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी जड. मी हातात घेतलं आणि मला कळलं. माझी अन्नपूर्णा.

ती माझ्या आईने लग्नात दिली होती. आमच्यात मुलगी सासरी निघाली की तिची अन्नपूर्णा तिच्याबरोबर निघते, आणि मग ती ज्या घरात, ते मुलीचं घर. ती देव्हाऱ्यातून उठली म्हणजे मी घरातून उठले. एवढी गोष्ट केली, आणि मला विचारलंही नाही. मला रडू आलं. रागाचं होतं का दुःखाचं, ते त्या पावसात कुणाला कळणार?

पण एक खटकलं. पुरचुंडीत तांदूळ घालून मूर्ती बसवली होती, आणि गाठ मारून टोकं आत खोचली होती. ही माझ्या आईची गाठ. नम्रता रबरबँडवाली आहे, कढीपत्त्याच्या जुडीलासुद्धा रबर लावते. मी म्हटलं, शिकली असेल माझं बघून. शिकली ती कशासाठी, तर ह्यासाठी.

परतीच्या वाटेवर घाटात गाड्या अडकल्या. कुणाची तरी बस बंद पडली होती. आम्ही नुसते बसून. काचेवरून पाणी. मी मनात योगेशला एक एक ठिकाण देत होते. ह्या वळणावर सांगेल. मुळशीला चहाला थांबू तेव्हा सांगेल. चहाला थांबलो. चहा झाला. "साखर बरोबर आहे ना आई?" एवढंच. मला त्याची कीव यायला लागली होती, पण कीव आली म्हणून राग जातो असं नाही.

पौड गेलं. कमान आता उजव्या हाताला येणार होती. मी पदर सारखा केला. चप्पल पायात घातली. योगेशने दिवा दाखवला, गाडी हळू केली, आणि कमानीसमोरून सरळ पुढे काढली. थांबलाच नाही. नम्रता मागून म्हणाली, "अहो." तो म्हणाला, "नाही जमत गं मला." आणि गिअर टाकला.

माझी सुटका झाली होती. गप्प बसले असते तर रात्री माझ्या खोलीत, माझ्या कॉटवर झोपले असते. पण मला गप्प बसता येत नाही, हा जन्माचा दोष.

"गाडी बाजूला घे," मी म्हटलं. "घे म्हणते ना. पुढच्या रविवारी परत एक धबधबा बघायची माझी तयारी नाही. सोडायचंय मला, तर सोड. सकाळपासून मला माहितेय. दही घातलंत हातावर, अन्नपूर्णा घातलीत बॅगेत. माझा राग सोडण्याचा नाही. माझा राग ह्याचा आहे, की आईला तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही तुला. एक वाक्य होतं रे. मी तुला बोलायला शिकवलं आणि तुला एक वाक्य बोलता आलं नाही."

त्याने गाडी कडेला घेतली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो समोर बघत राहिला. वायपर चालू होता.

"सांगितलंय आई," तो म्हणाला. "महिनाभर सांगतोय. किती वेळा सांगितलं ते मलाच आठवत नाही. प्रत्येक वेळी तू पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडतेस. मग शांत होतेस, बरं म्हणतेस. आणि सकाळी उठलीस की तुझ्या मनात काहीच नसतं. मग मी परत सांगायचं आणि तू परत पहिल्यापासून रडायचं. धबधबा तूच मागितलास. म्हणालीस, एकदा धबधबा दाखव आणि येताना सोड. काल रात्री मी ठरवलं, आज सांगायचं नाही. एक दिवस तरी तुला न रडता जाऊ द्यावं."

मी मागे वळून नम्रताकडे बघितलं. वर्गात खोटं बोलणारी मुलगी मला ओळखू येते.

"दही?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगितलंत," ती म्हणाली. ती रडत होती. "परवा बॅग भरताना. म्हणालात, मी विसरले तरी तू विसरू नकोस. हातावर दही घालून निघालं की माणूस परत येतं."

"आणि गॅस? एकदाच राहिला होता ना?"

संस्कृतीने मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणजे एकदा नव्हता.

बॅगेतून काढून घेतलेली पुरचुंडी मांडीवर होती. मी टोकं सोडवली आणि परत खोचली. बोटांनी आपोआप केलं. गाठ माझीच होती. ते माझ्याशी खोटं वागत नव्हते. माझं डोकंच माझ्याशी खोटं वागत होतं, आणि मी दिवसभर त्याच्या बाजूने त्यांच्याशी भांडत होते. मला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. यांना नेलं तेव्हाही नाही.

"सांग," मी योगेशला म्हटलं. "आता परत सांग. माझ्याकडे बघून."

त्याने बघितलं. "आई, तुला घरात सांभाळणं आम्हाला जमत नाहीये."

"बरं," मी म्हटलं. "गाडी वळव."

कमानीत एक ठणठणीत बाई छत्री घेऊन आली. सोजरबाई नाव तिचं, मुळशीकडचीच. मला बघून म्हणाली, "आलात का यमुनाबाई? खिडकीजवळची खाट ठेवलीय बघा. मागल्या टायमाला तुम्ही म्हनला व्हता ना, आंबा दिसला पाहिजे, म्हनून."

मी तिला आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. "हो, म्हणाले होते," मी म्हटलं. लाज राखायला तेवढं येतं अजून.

खोली स्वच्छ होती. नम्रताने कोनाड्यात अन्नपूर्णा ठेवली, साड्या लावल्या, गोधडी पसरली. संस्कृती गळ्यात पडली आणि सुटेना, शेवटी मीच तिचे हात सोडवले. योगेश पाया पडला. डोकं बराच वेळ माझ्या पावलांवर ठेवून राहिला. मग उठला आणि म्हणाला, "येतो आई." जातो म्हणायचं नसतं, हे मीच शिकवलं होतं.

"ये," मी म्हटलं. रडले नाही. त्याला तेवढं तरी न्यायला मिळू दे.

गाडी कमानीबाहेर गेली, तांबडे दिवे पिरंगुटकडे वळले. सोजरबाईने चहा आणून खिडकीत ठेवला. "घ्या, च्या हाय गरम."

"बाई," मी म्हटलं, "बसा जरा. एक सांगायचंय, आत्ता लक्षात आहे तोवर. उद्या सकाळी मी तुम्हाला विचारेन, माझा मुलगा कुठे राहिला म्हणून. कदाचित भांडेनही. तेव्हा खरं सांगू नका. म्हणावं, धबधब्यावर गेलेत, घाटात गाड्या अडकल्यात, येतीलच एवढ्यात."

ती माझ्याकडे बघत राहिली. दिवसभर मी खरं ऐकायला भांडले होते, ते तिला कुठे माहीत होतं.

"आन परवा इचारलं तर?"

"परवाही तेच सांगा. पावसाळाभर तिथे गर्दी असतेच."

तिने पदराने खिडकीचं पाणी टिपलं. मग विचारलं, "आन पावसाळा सरल्यावर?"

हुशार बाई. शाळेत असती तर पहिल्या बाकावर बसवली असती.

"तोवर," मी म्हटलं, "माझं विचारायचं थांबेल."